मानशीचं दार

फेरीबोटीत पृथ्वी मांडीवर घेऊन बसले होते.
शाळेनं मागवलेली, प्लास्टिकची,
कललेल्या दांडीवर जराशी सैल.
दोर सोडता सोडता मिंगेलनं विचारलं,
ह्यात दिवाडी कुठं?
मी बोट ठेवलं.
बोटाखाली अख्खा गोवा गेला,
कोल्हापूर गेलं, थोडा अरबी समुद्रही.

सहावीच्या फळ्यावर मी काढलं ते पुस्तकातलंच चित्र:
मधे पृथ्वी, दोन्ही अंगांना पाण्याचे फुगवटे,
कोपऱ्यात खडूचा चंद्र.
दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या. लिहून घ्या.
सगळ्यांनी लिहून घेतलं.
रेशा चोडणकर पेन्सिल चावत बसली.
मग म्हणाली, "दोनूय सारक्यो नासतात, बाय."
सारख्या नसतात? मी पुस्तक उलटून पाहिलं.
पुस्तकात दोन्ही फुगवटे
एकाच कंपासनं काढलेले.

संध्याकाळची बोट सोडून दिली मी.
तिच्या मागून बांधावरून निघाले, चपला हातात घेऊन.
डावीकडे खाजन, कोरगुटाची रोपं गुडघ्याएवढी,
उजवीकडे मांडवी,
आणि दोघींच्या मधे माती,
कोणाच्या तरी पणजोबांनी थापलेली.

मानशीवर तिचा बाप, बाबुसो,
कंदिलाची काच पुसत होता.
खांबावर त्यानं कोयत्यानं घेतलेल्या खाचा दाखवल्या.
ही दुपारची, धाकटी. ही मध्यरात्रीची, थोरली.
अष्टमीच्या भांगाला दोघी खाली बसतात,
अवसेला उधाण येतं तेव्हा वरच्या खाचेलाही जुमानत नाहीत.
महिन्यात दोन-चार दिवस अगदी जुळ्या होतात,
मग पुन्हा भांडतात,
आणि कधी कधी धाकटीच थोरली होते.
वेळ रोज दोन घटकांनी पुढं सरकते,
म्हणून माझी झोप, बाय,
पंधरा दिवसांत सगळं घड्याळ फिरून येते.
का, ते त्याला ठाऊक नव्हतं.
मला तरी कुठं होतं?

रात्री त्यांच्या ओसरीवर मी पृथ्वीला ओढणी गुंडाळली,
चंद्राच्या बाजूला फुगवली, पलीकडेही तेवढीच.
चंद्र म्हणून रेशानं नारळ धरला.
सरळ समोर नको, म्हटलं, थोडा वर धर,
तो विषुववृत्तावरून थोडाच चालतो!
मग गोल हळूहळू फिरवला.
आमचं टिंब नारळासमोर आलं तेव्हा
ओढणीच्या जाड पोटाखालून गेलं.
अर्धा फेरा झाला,
पलीकडचं पोट खाली दक्षिणेकडं राहिलं,
टिंबावर नुसता काठ.
"धाकली," रेशा म्हणाली.
तिनं नारळ खाली आणला. थोरली धाकटी झाली.

(समुद्र इतका आज्ञाधारक नाही, हे नंतर वाचलं.
त्याला किनारे अडतात, उथळ तळ अडतो,
पाणी वळतं, उशिरा पोचतं.
ओढणीत ते बसलं नसतं.)

दीडच्या सुमाराला बाबुसोनं हाक मारली.
नदी चढत होती, आवाज न करता.
मानशीची लाकडी दारं आधी हलली,
मग पाण्याच्या रेट्यानं एकमेकांना भिडली,
फटीतून थोडं पाझरलं, थांबलं.
कोणी हात लावला नव्हता.
आत भात कोरडं, बाहेर खारं पाणी
वरच्या खाचेशी.
बाबुसोनं विडी पेटवली.
ओहोटी लागली की दारं उघडतील, म्हणाला,
तेव्हा जाळं. आता काम नाही.

सकाळी धक्क्यावर मिंगेल म्हणाला,
काय टीचर, रात्री इथंच?
पृथ्वी काखेत होती, ओढणी अजून ओली.
खालच्या तीन पायऱ्या शेवाळलेल्या,
चौथीवर कालवं, पाचवी अर्धी ओली,
पुढच्या कोरड्या.
तीन वर्षं ह्याच पायऱ्यांवरून ये-जा केली मी.
कधी वरच्या पायरीला पाणी लागायचं,
कधी पार खाली उतरावं लागायचं.
मी फक्त साडी उचलायचे.